कामाचा फोन तळमजल्यावर

माझी आई क्रेन चालवायची. रस्त्याने जाते, पुढे हुक लोंबकळत असतो, ती छोटी क्रेन नाही हं! नव्या इमारतींच्या बाजूला उभी असते ना, पिवळी, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, ती. तिच्या माथ्याजवळ काचेची एवढीशी केबिन असते आणि त्या केबिनमध्ये माझी आई. शाळेत कुणी नवीन मुलीने विचारलं, "तुझी आई काय करते गं?" की मी तोंड उघडतच नसे. नुसतं बोट वर करायची. ती बिचारी आधी आकाशाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि मग एकदम हळू आवाजात, "सॉरी हं. कधी गेल्या?"

"सकाळी गेली. संध्याकाळी येईल!"

संध्याकाळी काम संपलं की आई शिडीने खाली उतरायची. त्या शिडीवर घाई चालत नाही. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे फोनही बघता येत नाही. एक हात, एक पाय, दुसरा हात, दुसरा पाय, असं करत जमिनीला पाय लागेपर्यंत तिच्या डोक्यातलं काम वरच राहून गेलेलं असायचं. घरी यायची ती आख्खीच्या आख्खी आमची. अर्थात हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आई घरी येते म्हणजे येते, त्यात काय एवढं, असंच मला वाटायचं.

मग तिला बढती मिळाली. साइटवरच्या सगळ्या क्रेनची प्रमुख! आता वर चढायचं नाही, खाली राहून सगळ्या चालकांवर लक्ष ठेवायचं. आईला ही जागा मनापासून हवी होती. "खालची माणसं ओझं कसं चुकीचं बांधतात ते मला वरून स्पष्ट दिसतं," ती म्हणायची, "पण मी वरून कितीही ओरडले तरी ते वरूनच ना! खाली उभी राहिले तर बांधायच्या आधीच हात धरीन." तीन महिने काम बघू आणि मग कायम करू, असं साइटच्या साहेबांनी सांगितलं.

या साहेबांना आम्ही घरात 'लगेचसाहेब' म्हणतो. लगेच सांगा, लगेच बघा, लगेच कळवा. हा माणूस जांभईसुद्धा लगेच देत असेल.

पहिल्या महिन्यातच आमची आई हरवली. म्हणजे घरातच होती, पण फोनमध्ये. जेवताना ताटाशेजारी फोन, दात घासताना आरशाच्या कडेला फोन. साइटपासून घर वीस मिनिटांच्या वाटेवर आहे, ती वाट बोलण्यात जायची, आणि मग लिफ्टमध्ये "आवाज तुटतोय, थांबा" असं ओरडत ती सातव्या मजल्यावर उतरायची. एकदा मी नाचतच घरी आले. शाळेच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन सगळं बोलायचं काम मला मिळालं होतं. मला! जी दोन वर्षांपूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही लाल व्हायची, त्या मला! मी आईला एका दमात सगळं सांगितलं. ती माझ्या डोळ्यांत बघत प्रेमाने म्हणाली, "थोडं डावीकडे घे."

कानात ते बारकं यंत्र होतं तिच्या. मला रडू यावं की हसू, कळेना.

बाबा केशकर्तनवाला. त्याचं दुकान खालच्या रस्त्याला. त्याने समजावून पाहिलं, "अगं, मी शटर ओढलं की संपलं. कात्री दुकानात राहते. कुणाचे केस रात्रीतून इतके वाढत नाहीत की मला उठवावं."

"तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दोन टनांचा लोखंडी गठ्ठा लोंबकळत नसतो," आई म्हणाली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

मग काका आला. काका मोठ्या ऑफिसात आहे आणि त्याला सगळ्याचं शास्त्र माहीत असतं. त्याने आईच्या फोनमध्ये रंगीत वेळापत्रक टाकून दिलं. निळे तास कामाचे, हिरवे तास घरचे. "वहिनी, मीही हेच करतो. आयुष्य बदललं माझं." बोलता बोलता त्याच्याच फोनवर घंटी वाजली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'कुटुंबाची वेळ'. काकाने ती बंद केली आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर टाइप करत म्हणाला, "हो हो, दोन मिनिटं." काकू नुसती छताकडे बघत बसली.

आईने आठवडाभर इमानदारीत निळं-हिरवं केलं. हिरव्या तासात ती फोन उचलत नसे, पण तिचा जीव त्या फोनमध्येच अडकलेला. भांडी घासताना मान सारखी तिकडे. म्हणजे आधी निदान बोलून मोकळी तरी होत होती, आता तेही नाही. "रंगाने काही होत नाही गं," ती मला म्हणाली. "काम घड्याळ बघून डोक्यातून उतरत नाही."

आणि मग एक दिवस लिफ्ट बंद पडली.

दुरुस्तीवाला लिफ्टच्या खड्ड्यात कंबरेपर्यंत शिरलेला होता, म्हणून आई जिन्याने निघाली. मी शिकवणीहून तिच्याबरोबरच होते. चौथ्या मजल्यावर फोन वाजला. लगेचसाहेब. आई धापा टाकत होती, तिला बोलता येईना, आणि समोरच्या घरात कुणाचं तरी बाळ झोपलेलं. दारावर पाटी होती, 'हळू बोला.' ती फोनमध्ये कुजबुजली, "थांबा साहेब, खाली जाते." आणि खरंच सरळ खाली गेली! पत्रपेट्यांपाशी उभी राहून सगळं बोलली, फोन खिशात टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागली. घरी पोचली तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. पाणी प्यायली, खुर्चीत पसरली आणि मला म्हणाली, "हं. ते माइकचं काय सांगत होतीस गं त्या दिवशी?"

मी सांगितलं. सगळं. मधल्या फजित्यांसकट. तिने ऐकलंही सगळं, आणि नको तिथे हसलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू झाली होती. आई तिच्यासमोरून गेली आणि जिना चढायला लागली.

"आई, लिफ्ट झाली ना सुरू!"

"माहितीये. मला उतरायला शिडी राहिली नाही, म्हणून चढते."

तिथून तो नियम सुरू झाला. कामाचं बोलणं तळमजल्यावर. घरात असताना फोन वाजला तर ती उचलणार, "खाली जाते, थांबा" म्हणणार, बूट घालणार, आणि जिन्याने सात मजले उतरून मगच बोलणार. पलीकडच्याने तोवर थांबायचं. जाता-येता एकदाही लिफ्ट नाही.

तुम्हाला वाटेल, हा काय वेडेपणा! बाबालाही वाटलं. इमारतीतल्या लोकांना तर लिफ्टच बिघडलीय असं वाटायचं. आईला जिन्यात बघितलं की दुसऱ्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर उसासा टाकून तिच्यामागे चढायला लागायचे आणि घरी पोचल्यावर त्यांना लिफ्टची टिंग ऐकू यायची. पण गंमत बघा. पहिल्या आठवड्यात आई इतक्यांदा उतरली की तिच्या पोटऱ्या दगड झाल्या. दुसऱ्या आठवड्यात निम्मे फोन मधल्या मजल्यांवरच संपायला लागले. पलीकडचा माणूस थांबून थांबून स्वतःच विचार करायचा आणि म्हणायचा, "ताई, राहू द्या, सापडलं." आणि तिसऱ्या आठवड्यात लोकांनी फोनच कमी केले.

यात सगळ्यात हुशार निघाला गवय्या. हा आईच्या जागी क्रेनवर बसणारा माणूस. वॉकीटॉकीचं बटण दाबून ठेवून गुणगुणतो आणि सगळ्या साइटला ऐकावं लागतं, म्हणून गवय्या. काम किती मजले उतरण्याच्या लायकीचं आहे ते तो फोन करून आधीच सांगायचा, "ताई, दोन मजल्यांचं आहे."

"मग सकाळी सांग."

"आणि चार मजल्यांचं असेल तर?"

"तरी सकाळीच सांग, पण लवकर."

मला आईचा असा अभिमान वाटायला लागला की विचारू नका. माणसं पुस्तकं वाचतात, शिबिरांना जातात, आणि हिने दोन पाय आणि एक जिना एवढ्यावर भागवलं!

लगेचसाहेब मात्र उखडले. एका संध्याकाळी त्यांचा आवाज इतका चढला की आई दारात बूट घालत असताना मला तो स्वयंपाकघरात ऐकू आला. "मॅडम, मी रोज तुमच्या बुटांचा आवाज ऐकत बसतो! ही काय पद्धत झाली?" खालून परत आल्यावर आईने सांगितलं ते असं. महिनाअखेरीला तीन महिने भरतात. दुसऱ्या साइटवर एक माणूस आहे, तो झोपेतही फोन उचलतो. आईला असंच करायचं असेल तर तिने परत वर केबिनमध्ये जावं, ही जागा त्याला देतील.

"झोपेत उचलतो म्हणजे उत्तरही झोपेतच देत असेल," बाबा म्हणाला. पण आई हसली नाही. तिला ती जागा हवी होती. तिने दोर बांधणाऱ्यांना नव्याने शिकवायला घेतलं होतं, ते अर्ध्यावर होतं. आणि तिला आम्हीही हवे होतो. दोन्हीतलं एक सोडायचं म्हटलं तर कुठलं?

मी लगेच (आलाच तो शब्द!) तोडगा काढला. "आई, तू घरातच पायपुसण्यावर जागच्या जागी पाय आपट. मी तोंडाने जिन्याचा घुमणारा आवाज काढते. साहेबांना काय कळणार?" मी करूनही दाखवलं. बाबाने टाळ्या वाजवल्या.

आई म्हणाली, "साहेबांना नाही कळणार गं. माझ्या डोक्याला कळेल ना."

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी आई आणि मी जिना चढत होतो. आमच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर खिडकी आहे, पण पाचव्याखाली समोरची इमारत आड येते. पाचव्यावर पोचलं की लांबवर साइट दिसते आणि दोन पिवळ्या क्रेन. आई तिथे दम घ्यायला थांबते. त्या दिवशी ती थांबली आणि तिचा दम आणखीच अडकला.

"काय झालं?"

"बघ. एकीचा हात तिकडे आहे आणि एकीचा रस्त्याकडे."

"मग?"

"वारा सुटलाय. दोन्ही हात एकाच बाजूला हवेत."

मला तिने धावत्या वाक्यांत सांगितलं ते असं. क्रेनचा तो लांबलचक आडवा हात असतो ना, काम संपलं की त्याचा ब्रेक सोडून ठेवतात. मग वारा येईल तसा हात फिरतो आणि वारा निघून जातो. ब्रेक लावलेला राहिला तर हात वाऱ्याला अडवून धरतो, आणि वारा जोरात आला तर आख्खी क्रेन आडवी होऊ शकते. खाली रस्ता. रस्त्यावर माणसं. आणि जी फिरली नव्हती ती आईचीच जुनी क्रेन होती.

"तू इथून हलायचं नाहीस," आई म्हणाली. "हात हलला की ओरड." आणि ती खाली धावली, फोन कानाला लावून.

पहिला फोन तिने लगेचसाहेबांना केला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. पुन्हा व्यस्त! सगळ्यांचे फोन उचलणारा माणूस कुणाचा तरी फोन उचलूनच बसला होता. मग तिने गवय्याला लावला. तळमजल्यावरून तिचा आवाज जिन्यातून वर घुमत येत होता, एकेक शब्द मला ऐकू येत होता.

"कुठे आहेस? ... फाटकात? देव पावला. ब्रेक सोडला होतास का? ... बरं, ते नंतर. फाटकाजवळच्या खोलीत वाऱ्याचा आकडा दिसतो तो वाच ... पुन्हा वाच ... ठीक आहे, अजून चढता येईल. पट्टा लाव. फाटकवाल्याला शिडीपाशी उभं कर. आणि ऐक, मधे कुठेही वाटलं की जोर वाढला, तर खाली यायचं. क्रेन पडली तर पडू दे. तू खाली यायचंस. कळलं?"

मग शांतता. गवय्या शिडीवर, म्हणजे त्याचा फोन बंद. आता आख्ख्या जगात हात हलतोय का ते सांगणारी एकटी मी! मी नाक काचेला चिकटवलं.

"हलला का?" खालून आई.

"नाही अजून!"

माझा ओरडा ऐकून बाबा वरून धावत आला, काय झालं ते विचारलं आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभा राहिला, आवाज नीट पोचावा म्हणून. मी म्हणायची "नाही अजून," तो म्हणायचा "नाही अजून." दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. दातवाले डॉक्टर.

"कोण नाही आलं अजून?"

"क्रेन!" बाबा म्हणाला.

"इथे येणार आहे?"

खिडकी थडथडायला लागली. खालची झाडं वाकत होती. दुसरी क्रेन मान वळवावी तशी सहज वाऱ्याबरोबर फिरली, आणि आईची तशीच, ताठ. मी मनात गवय्याचं गुणगुणणं आठवायचा प्रयत्न करत होते, का कोण जाणे. आधी वाटलं माझे डोळेच पाणावलेत म्हणून ते टोक सरकल्यासारखं दिसतंय. पुसले. पुन्हा बघितलं.

"फिरला! आई, फिरला!"

"फिरला!" बाबा.

"फिरला हो, फिरला!" डॉक्टर. त्यांना काय फिरलं ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

मी तीन-तीन पायऱ्या ओलांडत खाली गेले. आई शेवटच्या पायरीवर बसली होती. मला वाटलं आता ती मला उचलून गरगर फिरवणार. पण ती फोनवर होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. गवय्या सुखरूप खाली आला होता आणि खरं काय ते सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बडे पाहुणे येणार होते, म्हणून लगेचसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, तुझ्या क्रेनचा हात रस्त्याकडे सरळ ठेव, फोटो चांगला येईल. सरळ ठेवायचा म्हणजे ब्रेक लावणं आलं.

"अरे, मग मला का नाही विचारलंस?"

पलीकडून काय आलं ते आईने नंतर आम्हाला सांगितलं. तो म्हणाला होता, "ताई, मला वाटलं एका मजल्याचं काम आहे. एवढ्यासाठी तुम्हाला कशाला उतरवायचं?"

आईने फोन मांडीवर ठेवला. बाबा तिच्या शेजारी बसला. "चूक साहेबांची आहे," तो म्हणाला. "तू स्वतःला कशाला लावून घेतेस?"

"साहेबांची आहेच. पण माझीही आहे. किती मजल्यांचं काम ते ज्याचं त्याने ठरवायचं, असं मीच होऊ दिलं ना?"

तेवढ्यात फोन वाजला. लगेचसाहेब! आई खालीच होती, म्हणून पहिल्यांदाच तिने पहिल्या रिंगला बोलणं सुरू केलं. झालेलं सगळं सांगितलं. पाहुणे, फोटो, ब्रेक. आणि मग, मी कान टवकारून ऐकत होते, तिने स्वतःहून तो एक मजला पण सांगितला. सांगितला नसता तर साहेबांना कधी कळलं असतं? कधीच नाही! गेली ही जागा, मी म्हटलं. हातातोंडाशी आलेली गेली.

पलीकडून एकही 'लगेच' ऐकू आला नाही. साहेब म्हणाले, मी येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. साहेब! शर्टाची बटणं दोन उघडी, कपाळावर घाम. ते जिन्याने आले होते. का, ते त्यांनाच ठाऊक. बाबाने खुर्ची पुढे केली, मी पाणी आणलं. ते घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, कालच्याबद्दल बोलायचं होतं."

आई खूप अदबीने म्हणाली, "बोलू या ना साहेब. खाली."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग बुटांकडे बघितलं. मी हसू दाबायला आत पळाले. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज लांब गेला तशी मी बाहेर आले आणि बाबा आणि मी कठड्यावरून खाली वाकलो. सात मजल्यांवरून दोन डोकी दिसत होती, एक टक्कल आणि एक आईचं. बोलणं ऐकू येत नव्हतं. आईने एक हात लांब आडवा धरला आणि वाऱ्यात फिरावा तसा हळूहळू फिरवला. टक्कल हललं. मग आईने बोटं मोजली. एक, दोन, तीन. टक्कल थोडा वेळ स्थिर राहिलं. आई छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली.

"काढून टाकणार बहुतेक," मी कुजबुजले.

"गप. बघ, ती कमरेवर हात ठेवून उभी आहे. हरली की अशी उभी राहत नाही."

साहेब गेले. आई चढायला लागली. आम्ही धावत आत येऊन बसलो, मी पुस्तक उघडून, बाबा वर्तमानपत्र. ती आली. बूट काढले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"कळलं का वरून काही?"

"कशाचं?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मान अवघडली असेल दोघांची." ती खुर्चीत बसली. "वारा, ब्रेक आणि माणसाच्या जिवाचं काही, या तिन्हींना मजले नाहीत. कधीही फोन करायचा, मी असेन तिथून बोलेन. उद्या सगळ्यांना समोर बसवून सांगणार आहे. बाकी सगळं तळमजल्यावर. आणि क्रेनचा हात कुठे ठेवायचा ते चालकांना मी सोडून कुणी सांगायचं नाही. साहेबांनीसुद्धा."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, दुसऱ्या साइटवरचा तो माणूस परवा बोलता बोलता फोनवरच घोरायला लागला."

"आई! जागेचं काय?"

"राहिले मी." मग तिने पाय समोरच्या स्टुलावर लांब केले आणि डोळे मिटले. "आता कुणीतरी माझ्या पोटऱ्या दाबा रे. आणि जेवायला काय आहे?"